ओसरीपासून माजघरापर्यंत : धार-देवासच्या वाड्यांचे वाचन

धारच्या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ रोजी आनंदीबाईंना मुलगा झाला. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रघुनाथराव आणि बारभाई यांच्यात वैर पेटले होते. गुजरातेकडे निघताना रघुनाथरावांनी गरोदर पत्नीला धारच्या पवारांच्या भरवशावर येथे ठेवले. हा आसरा खंडेराव पवारांना महाग पडला. पुणे दरबाराने त्यांचा मुलूख जप्त केला आणि आनंदीबाई व बाळ यांना स्वाधीन केल्यावरच तो त्यांना परत मिळाला. ते बाळ म्हणजे शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव. किल्ला पाहायला येणाऱ्यांना आजही खरबुजा महाल दाखवतात आणि बाजीरावांचा जन्म येथेच झाला, असे सांगतात. घुमटाच्या आकारावरून महालाला हे नाव पडले आहे.

खरबुजा महाल मराठ्यांनी बांधलेला नाही. परमारांची ही जुनी राजधानी पुढे सुलतानांच्या आणि मोगलांच्या ताब्यात गेली. १८व्या शतकात पवार आले तेव्हा किल्ल्यातल्या आयत्या इमारती त्यांच्या हाती पडल्या. घुमट, कमानी आणि जाड दगडी भिंती असलेला महाल हे संरक्षणाचे ठिकाण होते. मराठी कुटुंबाला रोजचे जगणे जगायला लागते ते घर निराळे. ते घर म्हणजे वाडा. किल्ल्यात जन्मलेल्या बाजीरावाने पुढे १८०७च्या सुमारास पुण्यात स्वतःसाठी विश्रामबागवाडा उभारला. माळव्यातल्या मराठी घराण्यांनीही स्थिरस्थावर झाल्यावर धार, देवास, इंदूर, उज्जैन येथे वाडेच बांधले.

हा वाडा कसा वाचावा, त्याच्या भागांना कोणते शब्द आहेत आणि ते शब्द जपणे घर जपण्याइतकेच निकडीचे का आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी फ्रान्समधील उमरावांच्या शहरी घरांचाही आधार घेतला आहे. त्या घरांशी देवासचा एक दूरचा धागा जोडलेला आहे. तो पुढे ओघाने येईलच.

‘वाडा’ हा शब्द

संस्कृतात ‘वाट’ किंवा ‘वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून मराठीत ‘वाडा’ आला. गुरांचा वाडा, गवळीवाडा, सरदाराचा वाडा ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांच्या नावांतही हाच शब्द होता. म्हणजे वाड्याची मूळ कल्पना श्रीमंतीची नव्हे. कोणीतरी आत आहे आणि कोणीतरी बाहेर, एवढेच हा शब्द आधी सांगतो. सरदाराच्या वाड्याने हीच कल्पना अनेक पायऱ्यांत वाटून घेतली. माणूस किती आत येऊ शकतो, यावरून त्याचे नाते, प्रतिष्ठा आणि जात ठरे. किंवा उलटे म्हणा, या तिन्हींवरून तो किती आत येणार हे ठरे.

आपल्या रोजच्या बोलण्यात या पायऱ्या अजून शाबूत आहेत. ‘पायरी ओळखून वागावे’, ‘पायरी सोडून बोलू नये’, ‘उंबरठे झिजवले’, ‘दारात उभे केले नाही’, ‘माजघरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या’ असे आपण सहज बोलून जातो. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण घ्या. ओसरी म्हणजे काय हे ठाऊक असल्याशिवाय तिची गंमत कळत नाही. ओसरी ही अर्धी परवानगी आहे. ऊन-पावसात टेकायला जागा मिळाली, पण घर मिळालेले नाही. म्हणीतला पाहुणा ही मर्यादा मोडतो, म्हणून यजमान वैतागतो. घराचा नकाशा डोळ्यांपुढे नसेल तर भाषेचा हा भाग मुका होतो.

दारापासून परसापर्यंत

वाडा बाहेरून आत वाचत जावा. रस्त्यावरून दिसते ती उंच, बहुधा साधी भिंत. तिच्यात एक मोठा दरवाजा. हत्ती, पालखी, बैलगाडी आत यायची तर तो पूर्ण उघडायचा. एरवी एका फळीत कापलेल्या ‘दिंडी’तून वाकून आत शिरायचे. मोठ्या घराण्याच्या दारावर नगारखाना असे.

दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या. देवडी म्हणजे पहारेकऱ्यांची बसण्याची जागा. माळव्यात याच शब्दाचे ‘ड्योढी’ हे हिंदी रूपही कानावर येते. देवडीवर अडवलेला माणूस वाड्यात आलेला नसतो, पण तो रस्त्यावरही राहिलेला नसतो.

देवडी ओलांडली की पहिला चौक. हा उघड्या आभाळाखालचा चौरस. त्याच्या चारी बाजूंना, अंगणापेक्षा उंच जोत्यावर, खांबांच्या रांगेमागे ओसरी. ओसरीच्या एका अंगाला सदर, म्हणजे धन्याची बैठक आणि कारभाराची जागा. ‘सदर’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ छाती, पुढचा भाग, मानाची जागा. शेजारी फड, म्हणजे कारकुनांचे दफ्तर. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. पुरुषांचा, पाहुण्यांचा आणि कागदपत्रांचा संसार या पहिल्या चौकाभोवती चाले.

पुढचा उंबरठा माजघराचा. माजघर म्हणजे घराचा मध्य. बाहेरचा चौक आणि आतला चौक यांना जोडणारा व तोडणारा भाग. त्याच्या पलीकडे दुसरा चौक. येथे तुळशीवृंदावन, देवघर, स्वयंपाकघर किंवा मोठ्या घरी मुदपाकखाना, कोठीची खोली आणि बायकांचा वावर. बाळंतिणीची खोली याच भागात, बहुधा कमी उजेडाची आणि वाऱ्यापासून आडोशाची. त्याच्या मागे परसू : विहीर, न्हाणीघर, गोठा. मोठ्या घराण्यात पागा असे, जामदारखाना म्हणजे उंची वस्त्रे व दागदागिने ठेवण्याची जागा असे, आणि क्वचित तिसरा चौकही असे. विश्रामबागवाड्यात असे तीन चौक आहेत.

घर वाढले तर नवे घर बांधायचे नाही, चौक वाढवायचा, ही वाड्याची रीत होती. एकत्र कुटुंबाला ती सोयीची होती. माळव्याच्या उन्हाळ्यालाही ती मानवणारी होती. दुपारी खांबांमागच्या ओसरीवर सावली राहते, रात्री चौकातली गार हवा खोल्यांत शिरते, आणि रस्त्याची धूळ भिंतीबाहेरच थांबते. पावसाळ्यात पागोळ्या चौकात पडतात आणि दगडी पन्हाळीतून बाहेर जातात. एकच रिकामा चौरस उजेड, वारा आणि पाणी या तिघांचा बंदोबस्त करतो.

लाकडाचा सांगाडा, काळ्या मातीवरचे जोते

वाड्याचे वजन भिंती पेलत नाहीत. लाकडाचा सांगाडा पेलतो. जमिनीवर दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्याला दोन्हीकडे पसरलेले हस्त, हस्तांवर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट किंवा तक्तपोशी, आणि वर मातीचे माळवद किंवा कौले. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर किती मोठे हे सांगताना ‘पाच खणी’, ‘सात खणी’ असेच म्हणत. मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या. त्या केवळ जागा भरतात. म्हणून भिंतीत कोनाडे, देवळ्या, फडताळे सहज करता येत.

तळखडा बारीक गोष्ट वाटेल, पण वाड्याचे आयुष्य तोच ठरवतो. लाकूड थेट मातीत रोवले तर ओल आणि वाळवी ते खातात. दगडावर उभे केले तर शतके टिकते. माळव्यात आणखी एक अडचण असते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभे केलेले घर वर-खाली होते. म्हणून पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो आणि त्यावर काळ्या दगडाचे भक्कम जोते उभे करावे लागते. बांधणीत चुना असे. तो घाणीत दळून, भिजवून, मुरवून मगच वापरत. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते. ती श्वास घेते, असे कारागीर म्हणतात ते यामुळेच.

लाकडाच्या घराचा शत्रू आग. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि १८२८च्या आगीत जळाला. आज उरले आहेत ते तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग १८७९ मध्ये जळला आणि लोकांच्या वर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. इंदूरचा होळकरांचा सात मजली राजवाडा आपल्या जवळचाच. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी त्याचा काही भाग जाळला. १९८४च्या आगीत आतला बराच भाग गेला, पण दर्शनी बाजू उभी राहिली. या तिन्ही इमारतींवरून एकच धडा मिळतो. आगीनंतर दगड उरतो आणि लाकूड जाते. आणि घराच्या आतल्या पायऱ्या, म्हणजे ओसरी, सदर, माजघर, या बहुतेक लाकडातच असतात. उरलेल्या दगडावरून जोत्याची लांबी-रुंदी मोजता येते, पण कोण कुठे बसत होते हे कळत नाही. ते शब्दांतून आणि आठवणींतूनच कळते.

देवासचा जुना राजवाडा : आठ दिवस उघडलेला चौक

तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे दोघे भाऊ पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आले आणि १७२८च्या सुमारास देवास त्यांच्याकडे आले. त्यांच्यापासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. मराठी भाऊबंदकीचे दगडमातीत उतरलेले असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी चिटणीस होते. त्याआधी १९१२-१३च्या प्रवासातही ते देवासला येऊन गेले होते. आपली त्या काळची पत्रे त्यांनी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली. पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे गावावरची आपली माताजींची टेकडी. या पत्रांत दोन घरे दिसतात. एक गावाबाहेरचा नवा राजवाडा. युरोपीय पद्धतीच्या खोल्या, आणलेले सामान, कोरड्या हवेने तडकलेले पियानो, आणि एकीकडे बांधकाम चालू असतानाच दुसरीकडे पडझड. दुसरे घर गावातला जुना राजवाडा, चौकाभोवती बांधलेला, म्हणजे आपल्या अर्थाने वाडाच.

गोकुळाष्टमी आली की महाराज नवा राजवाडा सोडून जुन्यात राहायला जात. चौकाच्या एका अंगाला देवाची मांडणी होई, रात्रंदिवस गाणे-बजावणे चाले आणि गावातले लोक आत येत. कोणाच्याही पायात वहाणा नसत. फॉर्स्टरही अनवाणी वावरत. महाराज स्वतः देवापुढे गात, नाचत, गुलालाने माखून जात. शेवटी मिरवणूक तळ्यावर जाई. फॉर्स्टरना हा सगळा गोंगाट आणि गोंधळ वाटला, पण त्यामागचा भाव खरा आहे हे त्यांनी ओळखले. त्यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीचा शेवटचा भाग याच अनुभवावर उभा आहे.

वाड्याचा विद्यार्थी या वर्णनाकडे थोडे वेगळे पाहील. वर्षभर ज्या दारातून माणसाची पारख होऊन तो आत सोडला जाई, ते दार उत्सवात सैल पडे. सदरेवर बसणारा धनी चौकात उतरे. म्हणजे पायरी मोडण्यासाठीही आधी पायरी असावी लागते, आणि ती चौकाच्या घरातच असते. नव्या राजवाड्यात हे घडू शकले नसते. तेथे खोल्या होत्या, गर्दीने आभाळाखाली जमावे अशी मधली जागा नव्हती. उत्सवासाठी महाराजांना जुन्या घरी परत यावे लागे, याचे हे एक साधे कारण असावे.

हा उघडेपणा आठ दिवसांचाच होता, हेही नोंदवले पाहिजे. एरवी याच रचनेने स्त्रियांना दुसऱ्या चौकात ठेवले, कुळांना देवडीवर उभे केले आणि अनेकांना दाराच्या आतही घेतले नाही. वाड्याबद्दल लिहिताना नक्षीदार खांबांचे कौतुक करावे आणि हे गाळावे, असे केले तर तो अभ्यास होत नाही.

पाँडिचेरी आणि पॅरिस

तुकोजीरावांचा शेवट देवासला झाला नाही. संस्थान कर्जात बुडाल्यावर ते फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. पाँडिचेरीच्या फ्रेंच भागात रस्त्याला उंच भिंत, तिच्यात मोठे दार आणि आत अंगण अशी घरे आजही दिसतात. चौकाच्या घरात वाढलेल्या मराठी राजाला ती अगदीच परकी वाटली नसावीत. या घरांचा थोरला वंश पॅरिसमध्ये आहे.

फ्रान्समध्ये उमरावाचे गावाकडचे घर म्हणजे ‘शातो’ आणि शहरातले घर म्हणजे ‘ओतेल पार्तिक्युलिए’. पॅरिसच्या मारे भागातले ‘ओतेल द स्युली’ हे याचे चांगले उदाहरण. ते १६२५च्या सुमारास एका धनिकासाठी बांधायला घेतले गेले आणि १६३४ मध्ये चौथ्या हेन्री राजाचे जुने मंत्री स्युली यांनी ते विकत घेतले. रस्त्यावरून गाडीसकट आत जाण्याइतके मोठे दार, मग फरसबंद अंगण, समोर मुख्य इमारत, तिच्या मागे बाग. ‘अंगण आणि बाग यांच्या मधोमध’ असेच या घरांच्या रचनेचे वर्णन फ्रेंच लोक करतात.

साम्य लगेच लक्षात येते. रस्त्याकडे पाठ, मोठे दार, आत अंगण. आतही माणसाची पायरी मोजली जाई. खोल्या एकीतून दुसरीत उघडणाऱ्या ओळीत असत. बाहेरची दालने, मग शयनाचे दालन, मग अगदी आतली खाजगी खोली. पाहुणा किती दारे ओलांडून आत जाऊ शकतो यावर त्याचा मान कळे. आपली देवडी, ओसरी, सदर, माजघर ही उतरंड त्याच जातीची.

फरकही तितकाच मोलाचा आहे. फ्रेंच घरात मध्ये इमारत असते आणि मोकळी जागा तिच्या पुढे-मागे असते. वाड्यात मध्ये मोकळी जागा असते आणि घर तिच्याभोवती असते. फ्रेंच घरातला पाहुणा अंगणात उतरतो आणि समोरच्या भव्य दर्शनाने दिपतो. वाड्यातला पाहुणा चौकात येतो तेव्हा चारी बाजूंच्या ओसऱ्यांवरून लोक त्याच्याकडे पाहत असतात. एक घर दाखवण्यासाठी रचलेले, दुसरे पाहण्यासाठी. त्यामुळे फ्रेंच घराचा विस्तार बागेकडे होतो, वाड्याचा विस्तार नव्या चौकाने होतो.

या घरांचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला एलिझे राजवाडा १८व्या शतकातल्या एका उमरावाचे शहरी घर होता. पंतप्रधान राहतात ते मातिन्योंही तसेच. कार्नाव्हाले या १६व्या शतकातल्या घरात पॅरिसच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. स्युलीच्या घरात राष्ट्रीय स्मारकांची देखभाल करणाऱ्या संस्थेचे कार्यालय आहे. आपल्याकडे विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. नंतर तेथे पुणे नगरपालिकेचा कारभारही चालला. म्हणजे उमराव गेला तरी घराला नवा धनी मिळू शकतो, आणि तो धनी सर्व लोक असू शकतात.

‘ओतेल’ हाच शब्द फिरत फिरत इंग्रजीतून आपल्याकडे ‘हॉटेल’ होऊन आला. त्याचे लॅटिन मूळ पाहुण्याशी जोडलेले आहे. आज धारहून मांडवकडे जाताना लागणारा पवारांचा झिरा बाग राजवाडा हॉटेल म्हणून चालतो. शब्द मूळ अर्थाजवळ आला, म्हणायचा. ज्याच्या दारात पूर्वी पायरी ओळखून उभे राहावे लागे, तेथे आता खोलीचे भाडे भरणारा कोणीही उतरू शकतो.

शब्द गेले तर काय जाते

माळव्यातल्या मराठी कुटुंबांत आज घरातली भाषा आणि शाळेतली भाषा वेगळ्या आहेत. त्यामुळे नव्या पिढीच्या तोंडी ओसरीला ‘बरामदा’, चौकाला ‘आंगन’, गच्चीला ‘छत’ येते. दोन भाषा शेजारी नांदल्या की देवाणघेवाण होणारच, आणि देवडी-ड्योढीसारख्या शब्दांनी ती पूर्वीपासून केली आहे. तक्रार शब्द बदलण्याची नाही. पण ‘बरामदा’ म्हटले की तो कुठलाही बरामदा होतो. ओसरी चौकाकडे उघडणारी असते, तिला खांब असतात, ती अंगणापेक्षा उंच आणि माजघराच्या अलीकडची असते. शब्दात हा सगळा नकाशा आहे.

याचा परिणाम डागडुजीत दिसतो. ओसरी म्हणजे निव्वळ वाया गेलेली जागा, असे समजून ती भिंत घालून बंद केली की तिच्या मागच्या खोल्यांचा उजेड आणि वारा तुटतो. चौकावर पत्रे टाकले की दुपारची गरम हवा घरात कोंडते. जोत्याला आणि विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत अडकते, वर चढते आणि तुळईची टोके कुजू लागतात. तळखडा मातीखाली गाडला गेला की खांबाला वाळवी लागते. यातली कोणतीही चूक द्वेषाने होत नाही. घर वाचता येत नाही, म्हणून होते. ज्याला ‘हस्त’ हा शब्द ठाऊक आहे तो त्या लाकडाकडे भार वाहणारा हात म्हणून पाहतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ती फक्त नक्षी वाटते, आणि नक्षी काढून विकता येते.

हे शब्द कोशांत नाहीत असे नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात त्यांतले पुष्कळ सापडतात. पण कोश सर्व मराठी मुलखाची सरासरी सांगतो. कोकणात ओटी आणि पडवी, देशावर ओसरी, कोल्हापूरकडे सोपा. एकाच प्रकारच्या जागेला ठिकठिकाणी वेगळे नाव. धारच्या एखाद्या घरात आजी ‘ओटी’ म्हणून नेमके कशाकडे बोट दाखवत, शेजारचा माळवी ‘ओटला’ त्या घराने स्वीकारला की नाही, हे कोशात मिळणार नाही. ते त्या घरातच मिळेल, आणि सांगणारे माणूस आहे तोवरच मिळेल.

अभ्यासकांसाठी कामे

धार-देवास परिसरातल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पुढील कामे करता येतील. यांना मोठा खर्च किंवा परवानगी लागत नाही. घरमालकाची संमती आणि एक मोजपट्टी पुरते.

१. एका जुन्या घराचा तळमजला मोजावा. फुटांबरोबर खणांतही मोजावा. दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर, परसू यांच्या जागा नकाशात मराठीत लिहाव्यात.

२. प्रत्येक भागाला घरातली सर्वात वयस्कर व्यक्ती काय म्हणते, मधली पिढी काय म्हणते आणि मुले काय म्हणतात, हे तीन रकान्यांत लिहावे. शब्द हिंदी किंवा माळवी असला तरी तसाच लिहावा. दुरुस्त करू नये.

३. कोण कुठपर्यंत येत असे, हे विचारावे. पाहुणे, भटजी, कुळे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, दूधवाला. कोणाला वेगळे दार होते? कोणाला आत येता येत नव्हते? उत्तर अडचणीचे असले तरी ते नोंदवावे.

४. तळखडे, हस्त, तुळया, तक्तपोशी यांची सध्याची अवस्था पाहावी. कुठे ओल चढली आहे, कुठे नवी भिंत घातली आहे, कुठे चुन्यावर सिमेंट आले आहे, हे नकाशात दाखवावे.

५. सणाला घराची रचना कशी बदलते ते पाहावे. गणपती कुठे बसतात, गौरी कोणत्या दारातून आत येतात, लग्नात चौकाचे काय होते. देवासच्या जुन्या राजवाड्याने शिकवले तेच छोट्या घरातही तपासता येते.

अशी दहा-वीस घरे नोंदली गेली तर माळव्यातल्या मराठी घराचा एक खरा कोश तयार होईल, ज्यात शब्दाशेजारी त्याची जागा दाखवलेली असेल. त्यातली काही घरे पुढच्या काही वर्षांत पडतील. वाटण्या होतील, रस्ते रुंद होतील, वारस इंदूर-पुण्याला जातील. ते थांबवणे आपल्या हातात नेहमीच असणार नाही. पण पडण्याआधी घराला नीट नावाने हाक मारलेली असली, तर निदान तिथे काय होते हे पुढच्याला सांगता येईल. सुरुवात स्वतःच्या घरातल्या उंबरठ्यापासून करावी. तो ओलांडताना आपण कोणत्या जागेतून कोणत्या जागेत गेलो, हे एकदा मोठ्याने मराठीत म्हणून पाहावे.